आठशे बारा

एकतीस वर्षं मी ओउलूच्या कागद गिरणीत
कागदाचं वजन तपासत होतो.
यंत्रातून पांढरा पट्टा सुटायचा, संपता संपायचा नाही,
आणि मी म्हणायचो, कुठे जाड नको, कुठे पातळ नको,
पहिल्या हातासारखाच लाखावा हात.
मग जानेवारीत, गाडीवरचा बर्फ खरवडताना
छातीवर कुणीतरी अख्खं रीळ ठेवलं.

बरा होऊन आल्यावर छातीला चिकट बटणं, कमरेला डबी.
चोवीस तास तिनं माझ्यावर पाळत ठेवली.
मार्युक्कानं कागद पुढे सरकवला.
(मी आधी चिमटीत धरून पाहिला. ऐंशी ग्रॅमचा, बरा.)
त्यावर दोन ठोक्यांमधली अंतरं, सेकंदाच्या हजाराव्या भागात:
आठशे बारा. आठशे अकरा. आठशे बारा. आठशे बारा.
"वा," मी म्हणालो, "एकही रीळ परत येणार नाही."
ती हसली नाही.
"ताइस्तो, धडधाकट हृदय असं पट्टीनं आखल्यासारखं चालत नाही.
श्वास घेतला की जरा घाई करतं, सोडला की रेंगाळतं.
जिना, भांडण, कॉफीचा वास, सगळ्याला उत्तर देतं.
तुमचं सध्या कुणाचंच ऐकत नाहीये."

हिल्का माझ्याबद्दल कित्येक वर्षं हेच सांगत आली,
तिला डबी लागली नव्हती.

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
इस्पितळाच्या तळघरात सहा सायकली, कुठेही न जाणाऱ्या.
खिडकी फुटपाथच्या पातळीला,
त्यामुळे गाव आम्हाला फक्त गुडघ्यापर्यंत दिसायचं.
शेजारी रेइनो, जन्मभर टगबोटीवर काढलेला.
दर पाच मिनिटांनी विचारायचा,
"पोचलो का स्वीडनला?"
बोलता येईल इतकंच दमायचं, असा नियम.
रेइनोनं तो फारच मनावर घेतला होता.

तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या ठणकायच्या थांबल्या.
पाचव्यात खिडकीतले लोकरी बूट गेले, रबरी आले.
सहाव्यात मी दुसऱ्या मजल्यावर टेकलोच नाही.
दारात किल्ली काढताना आठवलं,
मधे थांबायचं राहून गेलं.

काळजाचा ठोका चुकतो, तो भीतीनं, असं म्हणतात.
मी ठोका चुकायची वाट नव्हतो पाहत.
फक्त तो जरा उशिरा यावा,
दाराशी बूट काढत गप्पा मारणाऱ्या
पाहुण्यासारखा.

पुन्हा डबी. पुन्हा कागद.
आठशे चाळीस. नऊशे दोन. आठशे एकाहत्तर. नऊशे सव्वीस.
गिरणीत असता तर अख्खी पाळी थांबवली असती मी.
मार्युक्का म्हणाली, फार नाही, पण वाढ आहे.
व्यायामानं, की गोळ्यांनी, की नुसते दिवस गेले म्हणून,
ते एका माणसावरून सांगता येत नाही.
हे मला पटलं.
एका तुकड्यावरून आम्हीही कधी रीळ पास केलं नाही.

त्या रात्री हिल्कानं छातीला कान लावला.
"हे नीट चालत नाहीये," ती म्हणाली.
"हो ना," मी म्हणालो,
आणि श्वास सावकाश सोडला,
तिला नीट ऐकू यावं म्हणून.

रेइनोचे आकडे मात्र होते तिथेच राहिले.
त्यानंही तेवढीच पायडलं मारली होती,
घाम माझ्यापेक्षा जास्तच.
त्यानं कागदाची घडी घातली, मग आणखी एक,
होडी करून खिडकीच्या कठड्यावर ठेवली,
येणाऱ्याजाणाऱ्या बुटांच्या रांगेत.
मार्युक्का काहीतरी समजावत होती,
आकडा म्हणजे माणूस नाही, वगैरे.
तो मान हलवत होता.

शनिवारी तो आला. मला वाटलं नव्हतं येईल.
दहा मिनिटं झाली, पंधरा झाली,
तरी स्वीडनचं नाव काढेना.
शेवटी मीच विचारलं, "पोचलो का?"
त्यानं खिडकीकडे पाहिलं,
कुणाच्या तरी उघड्या पोटऱ्या गेल्या, या वर्षातल्या पहिल्या.
"अजून पाणीच आहे," तो म्हणाला,
आणि गिअर एकानं वाढवला.