तिसरी प्रत

डिस्क तिनं आणली लोकरी मोज्यात गुंडाळून,
मधाच्या रिकाम्या बरणीत घालून.
बाहेर उणे अठरा. ग्युम्रीत या दिवसांत
दाराची कडी उघड्या हातानं धरवत नाही.
मी टेबल पुसलं, वायर जोडली, कान लावला.
टक्. टक्. मग थोडा वेळ काहीच नाही.
टक्.

"किती वर्षांचं आहे?"
"एकोणीस," वार्दितेर म्हणाली. "मधमाश्यांचा हिशेब.
कुठल्या राणीचा वंश थंडीत तगला,
डोंगरावर थाइम कधी फुललं,
कुठल्या पेटीचं वजन किती भरलं.
आणि एक फोल्डर आहे. ते उघडू नका."

"दुसरी प्रत?"
"आहे की. ह्याच डिस्कवर. दुसऱ्या नावानं."

मी हसलो नाही. मला तो हक्क नाही.
अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात आमच्याकडे
अल्बम होते आणि निगेटिव्हही होत्या,
बाबांनी वर्षवार पाकिटांत घातलेल्या.
एकाच कपाटात. वरचा खण, खालचा खण.
अकरा एक्केचाळीसला ते कपाट, ती भिंत, तो जिना
वेगवेगळे ओळखू येईनात.
आई मला आठवते ती पाठमोरी.
चेहरा आठवायला गेलो
की मावशीचा येतो.

नऊ दिवस लागले. एकोणीसपैकी चौदा वर्षं निघाली,
आणि ते फोल्डर.
तिनं विचारलं, "आता सगळ्यात भरवशाचं काय घेऊ?"

भरवशाच्या म्हशीलाच टोणगा होतो, बाई.
ही चिपवाली डिस्क बघा, आवाज करत नाही,
म्हणून मरतानाही करत नाही.
विजेशिवाय वर्षानुवर्षं फडताळात पडली, तर
म्हातारीसारखी एकेक नाव विसरत जाते.
पेनड्राइव्ह कोटाच्या खिशातून थेट वॉशिंग मशीनमध्ये जातो.
क्लाउड चांगला, पण पासवर्ड तुमच्याच डोक्यात,
आणि पैसे भरायचं राहिलं तर ते किती दिवस थांबतील,
मला विचारू नका.
शिवाय फोनला जोडलेला क्लाउड आरशासारखा वागतो:
इकडे पुसलंत की तिकडेही पुसलं.
तेव्हा एक साधी फिरती डिस्क घ्या, एक क्लाउड ठेवा,
आणि तिसरी प्रत लांब कुठेतरी.
माझ्याकडे नको. मीही ह्याच शहरात झोपतो.

"पुतणी आहे. मार्सेयला, पावाच्या दुकानात."
"तिला पाठवा. दर शरदात, मध काढून झाला की."
"तिथे भूकंप होत नाहीत?"
"होत असतील. त्याच मिनिटाला होणार नाहीत."

मग राहिली ती एकच गोष्ट.
उघडून पाहिली नाही, ती प्रत मी प्रत मानत नाही.
वजनं, तारखा, फुलं, सगळं मी उघडून पाहिलं होतं,
ते एक सोडून.
तिला खुर्ची दिली, कुठे दाबायचं ते दाखवलं,
सिगारेट घेतली आणि बाहेर आलो.

माझं दुकान म्हणजे भूकंपानंतर आलेला पत्र्याचा डबा.
तात्पुरता म्हणून दिलेला. पत्रा पातळ.
आत एक पुरुष खोकला,
आणि कुणाला तरी म्हणाला,
"झाकण लाव गं, मुंग्या येतील."
पुन्हा तोच खोकला. "झाकण लाव गं."
पुन्हा.
सिगारेट संपली, मिशीवर बर्फ धरलं,
मी तिथेच उभा राहिलो.

आत गेलो तर ती डिस्कला चिठ्ठी चिकटवत होती.
"तारीख कुठली घालू?"
"आजची. आणि पुढच्या वर्षी उघडून बघायला या."
पैसे मोजले, बरणी मला ठेव म्हणाली,
मोजा मात्र परत मागून घेतला.
पुरुषी मापाचा. टाचेला रफू केलेला.
जोडीतला दुसरा म्हणे केव्हाच हरवला.