दुपारी

बशीर पटवेगार, कंपाउंडर.
मिरजेच्या किल्ला भागात एकाच दवाखान्यात बेचाळीस वर्षं.
रिटायर झाले तेव्हा डॉक्टरांनी घड्याळ दिलं.
यांनी वर मागून घेतली
गोळ्यांची उरलेली कागदी पाकिटं,
सकाळी-दुपारी-रात्री छापलेली,
दोन गठ्ठे.

मला वाटलं, सवय.
दिवसाकाठी चार पुड्या बांधल्याशिवाय
बोटांना झोप लागत नसणार.

मग एका रविवारी जिन्यात भेटले.
पॅन्टला कुसळं,
चपलांना दंडोबाच्या डोंगराचा मुरूम.
एक पाकीट माझ्या हातावर ठेवलं.
'सकाळी'पुढं फुली. 'रात्री'पुढं फुली.
'दुपारी'भोवती तांबड्या शाईचा गोल.

मी विचारलं, जेवणाआधी की नंतर?

इतके हसले,
की वरच्या मजल्यावरून शालन आवटी
कठड्यावर ओणवून बघू लागल्या.
"अहो बाई, औषध नव्हे, नाव आहे ते.
शिराळ्याकडं भाताच्या बांधाला येते.
बाराच्या ठोक्याला उमलते
आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना गळते.
पाकळी पाकळी नाही.
अख्खं फूल, एकदम."

पेरली. डालड्याच्या डब्यात, खिडकीत.
रोज वाकून बघितलं.
महिनाभरानं वैतागून डबा
न्हाणीच्या पायपाखाली पालथा केला.

पुढच्या वर्षी श्रावणात
त्याच चिखलात, साबणाच्या पाण्यावर,
दुपारच्या अजानीच्या जरा आधी
एक लाल.
मी हातातलं धुणं तसंच धरून
उभी. ओघळ कोपरापर्यंत.

त्यानंतर मीही त्यांच्यातली झाले.
म्हणजे एस.टी. थांबली की रस्त्याकडेला
वाळकी शेंग शोधणारी.
जतहून येताना तरवड आणली, रुमालाच्या गाठीत.
सतारमेकर गल्लीत इस्माईलचाचा
तंबोऱ्याचा भोपळा कापला की पोटातलं बी
बशीरभाईंसाठी वेगळं ठेवायचे.
"सूर आम्हाला, बाकी तुम्हाला."
बदल्यात त्यांना गोकर्ण गेली, निळी,
दुकानाच्या गजांवर चढली, अजून उतरलेली नाही.

शालन आवटींनी मात्र
अंगणातला सगळा कुर्डू उपटला, भाजी केली
आणि वाटीभर
बशीरभाईंनाच नेऊन दिली.
ते काही बोलले नाहीत.
जेवले. लसूण जास्त झाला म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात घरमालकानं
अंगणाला पेव्हिंग ब्लॉक घातले.
तेरडा, खुळखुळा, कळलावीचे कंद,
सगळ्यांवर आता
तीन मोटारसायकली आणि एक झाकलेली गाडी.
तोवर बशीरभाईंच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता.
लोक म्हणाले, बरंच झालं, दिसलं नाही.
पण ते काठीनं रोज
ब्लॉकच्या फटी चाचपायचे.

मी बी घेऊन गेले.
त्यांचंच पाकीट, त्यांचंच बी,
मध्ये माझी सहा वर्षं.
कानाशी धरून हलवलं.
"खुळखुळा नाही. तो बडबड्या.
तेरडा? नाही.
हे फार हळू बोलतंय."
मग थांबले,
आणि चेहऱ्यावर असं काही आलं
की मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिले,
डॉक्टरांच्या.

म्हणाले, अर्धंच ठेवतो. अर्धं पुढं जाऊ दे.
नवं पाकीट घेतलं, तांबडं पेन चाचपलं,
डाव्या अंगठ्यानं कडा मोजून
गोल काढला.
तो 'रात्री'वर पडला.

मी दुरुस्त केला नाही.

ते पाकीट शालन आवटींच्या नातवाकडं गेलं,
विश्रामबागला, चौथ्या मजल्यावर.
कुंडीत रोप आलंय म्हणे, कळीसुद्धा धरलीय,
आणि पोरगं रोज रात्री
बॅटरी घेऊन गॅलरीत बसतं.

बसू दे.
उजाडेपर्यंत जागलं तर
अख्खं फूल गळताना बघेल.
आम्ही कुणीच ते अजून बघितलेलं नाही.