तार

डबा उघडला तेव्हा व्हिनेगरचा भपका.
बेचाळीस वर्षं झाकून ठेवलेला समुद्र
गुलाबी पडला होता, आजाऱ्याच्या जिभेसारखा.

तीन महिने रोमच्या एका तळघरात
मी त्याला निळा करते आहे.
एकेक चौकट. ओरखडा पुसायचा, बुरशी पुसायची,
दाणा मात्र राहू द्यायचा. दाणा ही फिल्मची कातडी,
ती सोलली की माणसं मेणाची दिसतात.

शार्क रबराचा. व्हिडिओ कॅसेटवर खरा वाटायचा,
तिथं धड काही दिसतच नसे म्हणून.
आता शिवण दिसते. जबड्याखालचा गंज दिसतो.
आणि पाचव्या रिळात, नटी किंचाळते नेमकी तेव्हा,
पाण्यातून तिरपी गेलेली एक तार.

निर्माता म्हणाला, ओर्नेल्ला, काढून टाक ती.
दोन मिनिटांचं काम.

मी माल्टाला फोन लावला.
शूटिंगच्या हौदाजवळच, कालकारात,
नेनू झामित अजून राहतो. ऐकू कमी येतं.
तारेचं दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाला,
"दुसऱ्या टोकाला मी होतो की.
फेब्रुवारी, कमरेइतकं पाणी, दात वाजतायत.
आणि पायरीवर कार्मना, पोटुशी,
माझा जेवणाचा डबा घेऊन.
ती दिसते का?"

चौकट थांबवली. कोपऱ्यातला उजेड वाढवत नेला.
पायरी आहे. पायरीवर फिकट काहीतरी,
टॉवेल असेल,
किंवा नुसता दाणाच.

"दिसते," म्हणाले.

मग निर्मात्याला कळवलं,
तार निघत नाही.