दहावा भाग

धुक्यापायी फेरीबोट दोन दिवस उशिरा आली
आणि धक्क्यावर आधी पुस्तकं उतरली, मग बटाटे.
हे आमच्याच बंदरावर होत असेल.
तीन प्रती. आम्ही अकरा जणी.
चिठ्ठ्या टाकल्या, माझं नाव निघालं नाही.
कधीच निघत नाही.

पहिला भाग आला तेव्हा मासळीचा कारखाना चालू होता.
बोटांना कॉडचा वास यायचा,
सत्तेचाळिसाव्या पानाला तो अजून येतो.
त्या पानावर कॅप्टन ड्रेव्ह लेटिशियाला
जळत्या जहाजावरून उचलून आणतो,
साल सतराशे एकोणसाठ, एका हाताने.
दुसऱ्या हातात तलवार.
शिडी कशाने धरली, आम्ही कुणी विचारलं नाही.

मग कॉड संपला. कारखान्याला कुलूप.
आर्थर तेलाच्या रिगवर जाऊ लागला,
तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे इकडे.
इकडे असला की झोपलेला.
पाचव्या भागात लेटिशियाला जुळं झालं, एक दगावलं.
त्या हिवाळ्यात दुकानात मीठ घ्यायला आलेली बाईसुद्धा
लाल डोळ्यांनी यायची, आणि कितवं पान, एवढंच विचारायची.

सहाव्यापासून लेखिकेचं काहीतरी बिनसलं.
सातव्यात चुंबनं मोजून चार.
आठव्यात एक, तेही कपाळावर, ताप बघताना.
नवव्यात सलगम कसे साठवावेत यावर वीस पानं.
ड्युल्सी म्हणाली, माझं तळघर भरलंय सलगमांनी,
आता पैसे मोजून वाचू पण तेच?
तोंडाला पानं पुसली बाईनं आपल्या!
आणि पुस्तक चुलीत टाकलं.
मग चिमट्याने काढलं.
कडा जळालेली ती प्रत अजून हातोहात फिरते,
प्रत्येक पानाची शेवटची ओळ
ज्याची त्याने मनाने लावून घ्यायची.

फिलोमिना चौथ्याच्या पुढे कधी गेलीच नाही.
चौथ्यात लग्न होतं.
तिथून ती परत पहिल्यावर येते, दरवर्षी, लेंटच्या उपासात.
पुढचं मला ठाऊक आहे, म्हणते,
दोन नवरे पुरलेत मी.

आणि ब्राइड. शाळेत शिकवायची.
डोळ्यात तेल घालून वाचते, कानावर पेन्सिल.
परवा तिने दहावा भाग टेबलावर आपटला:
ड्रेव्हचे डोळे तपकिरी!
नऊ भाग करडे होते.
वादळाआधीच्या समुद्रासारखे करडे,
एकेचाळीस वेळा, तिने मोजलेत.

मग काय विचारता.
कुणी म्हणालं, लेखिका थकली बिचारी.
कुणी म्हणालं, आता तिचा पुतण्याच लिहीत असणार,
बाई इतके सलगम लिहिणार नाही.
पाद्रीणबाईंचं मत, पापाने रंग बदलतो.
ड्युल्सीने तर सोक्षमोक्षच लावला:
खरा ड्रेव्ह आठव्यातच बुडाला,
हा कुणी तोतया आहे, तिच्या अंथरुणात शिरलेला,
बाराव्या भागात सगळं बाहेर येईल, बघा तुम्ही.
चहा निवला. मी पोट धरून हसले.

घरी आले तर आर्थर खुर्चीत झोपलेला,
टीव्हीवर हॉकी, आवाज बंद.
निवृत्त झाल्यापासून बावन्न आठवडे इकडेच असतो.
कोट खुंटीला लावता लावता
हात तसाच राहिला माझा.

निळे?
निळसर?
मुलीचे हिरवट आहेत, पण ते माझ्या आईचे.
लग्नाच्या फोटोत तो उन्हाकडे बघतोय, डोळे बारीक करून.
बोटीच्या जुन्या परवान्यावर लिहिलेलं असेल,
खालच्या खणात, बिलांच्या खाली.
खण उघडला नाही.
समोर स्टूल ओढून बसले.
ड्रेव्हचे करडे मला अंधारातही सांगता आले असते.

बऱ्याच वेळाने तो हलला. चष्मा चाचपू लागला.
पुस्तक आलं का गं?
आलं.
मेला का शेवटी तो?
नाही, म्हटलं. म्हातारा झालाय नुसता.
मग येणार अजून एक भाग, म्हणाला,
आणि मी नीट वाकून बघायच्या आत
परत मिटले.