मुंजाजीची नाव

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, सकाळी सात वाजता
मुंजाजी आम्हाला नारिंगी जाकिटं चढवतो,
पट्टे ओढून बघतो, बैलाची जुपणी तपासावी तसे.
"वल्हं पळीवाणी धरू नका, मावशी,
वरण नाही ढवळायचं."
मावशी हसते, आणि रबरी नाव
जागच्या जागी गोल फिरते.

पाणी संथ. बंधाऱ्यानं अडवलेलं.
वरून सोडलं तर पळतं,
नाहीतर आपणच पळायचं.
बाभळीवर खंड्या. पोरगी विचारते, मगर आहे का?
"हाय की. आज तिला सुट्टी."

जुन्या उताराशी तो हात थांबवतो.
इथं त्याचा बाप डोंगा लावायचा:
नवरी, शेळ्या, टपालाची थैली
पलीकडं पोचवायचा
वर्षाला घरटी पायलीभर जवारीवर.
मग पूल झाला.

"तवा माणसं पलीकडं जायला बसायची.
तुमी कुठंच जायचं नाही म्हणून बसता."
थोडं वल्हवतो.
"गंगेला काय, दोन्ही सारखंच."

तीन किलोमीटर खाली सत्वशीला टेम्पो लावून उभी,
डब्यात धपाटे, वर ओलं फडकं.
काठावर पाय टेकताच मावशी म्हणते,
अगं बाई, जमीनच हलतीय,
आणि चिखलातच
बसून घेते.