सहा फुलं

त्या वर्षी वटपौर्णिमा मंगळवारी आली.
मी निवतीच्या वडाला सूत गुंडाळत होते
तेव्हा आमचे हे
लुलेओ नावाच्या बंदरात खनिज भरून घेत होते.
आपल्या रेडीच्या मातीसारखंच, त्यांनी लिहिलं,
फक्त काळं.
अठ्ठ्याहत्तर साल. पत्र पोचलं गणपतीत.

पत्रात काय, तर इथं रात्रच होत नाही.
सूर्य पाण्याला जरा टेकतो,
पाणी थंड लागल्यासारखा परत वर येतो.
शुक्रवारी कामाला सुट्टी. गावातल्या माणसांनी
एक डोलकाठी पानाफुलांनी मढवली,
म्हाताऱ्यांनी, पोरासोरांनी खांदे लावून उभी केली.
"आपली शिमग्याची होळी उभी करतत, तशीच.
बोंब तेवढी नाय."

काठीभोवती रिंगण.
भजनातली पेटी एकानं गळ्यात अडकवलेली,
दोघांकडे व्हायोलिन,
आणि एका बाईच्या कुशीत सारंगी म्हणावी
तर तिला टाइपरायटरसारख्या पट्ट्या.
ताल तिनाचा. पण तिसरी मात्रा उशिरा येते,
ओहोटीत होडी ढकलताना
शेवटचा जोर उशिरा लागतो, तशी.

मग सगळे ढोपरं मोडून बेडूक झाले.
मास्तरसुद्धा. पोलीससुद्धा.
हे मी मोठ्यानं वाचलं तेव्हा सासूबाई
इतक्या हसल्या की तोंडातलं पान पदरावर सांडलं.
पुढचं मात्र मी मनात वाचलं.

हे रिंगणाबाहेर उभे, अंगात उसना कोट.
एका म्हातारीनं मनगट धरून आत ओढलं.
पावलं काही जुळेनात.
तेव्हा ह्यांनी तिचे दोन्ही हात फुलीसारखे धरले,
चवड्याला चवडा लावला,
अंग मागं टाकलं,
आणि फू.
दर्यावर्दी माणूस. मिशीवाला. फुगडी.
म्हातारीचा रुमाल उडाला, लिहिलं होतं,
पण ती सोडीना.

सगळ्यात शेवटी, समासात, बारीक अक्षरात:
त्या रात्री तिथल्या मुली सात तऱ्हेची फुलं खुडतात,
एक शब्द न बोलता,
आणि उशीखाली ठेवून झोपतात.
जो स्वप्नात येतो, तो नवरा.

मार्चमध्ये हे घरी आले. खलाशाच्या लाल वहीत
वाळलेली फुलं होती. मी मोजली. सहा.
सात जन्मांचा हिशेब करणारी बाई मी,
मला वजाबाकी येते.
"सातवा खय गेला?"
"बोललंय मी मधीच. एक पक्षी ओरडलो,
इतक्या उजेडात, मध्यरात्री! माका हसू इला.
मग खुडूक नाय."

असेल.
पक्षी असेल.

बावीस वर्षं इंजिनरूम. कान तिथंच राहिले.
वाडीत ह्यांना अजून स्वीडनकर मेतर म्हणतात,
हाक मारली तर कळत नाही
म्हणून चिडवायलाही मजा उरली नाही.
मी बोलते ते ओठांवरून वाचतात,
आणि मला नको असेल तेव्हा मी तोंड फिरवते.
एवढी सोय म्हातारपणानं केली.

यंदा वडाला मी सहाच फेरे घातले.
तारी वैनी म्हणाली, "गे, एक रवलो!"
म्हटलं, सातवा त्यांच्याकडून येणं आहे.

घरी आले तर ओटीवर पोरी फुगडीला लागलेल्या,
गणपती लांब, पण शाळेला सुट्टी, होड्या वर ओढलेल्या,
पोरींनी करावं काय?
हे कोपऱ्यात मांडी घालून,
दोन्ही तळहात कोब्यावर उपडे टेकलेले,
डोळे मिटून.
मी समोर जाऊन बसले. ओलं लुगडं, गुडघे कुरकुरत.
त्यांनी न बघताच माझा हात घेतला,
जमिनीवर दाबून धरला.
धप. धप.
वाट बघायला लावून, धप.

"ह्या बग," म्हणाले, नको इतक्या मोठ्यानं,
बहिरी माणसं बोलतात तसं,
"ती तिसरी."