मागं हाय

सूर गावात, खाडीच्या अलीकडं,
जिथं गलबतांच्या फळ्या अजून हातानं ठोकतात,
तिथं क्लबाची एक खोली आहे : टेबल, एसी, तेलाच्या बाटल्या.
मी दिनकर. कोल्हापुरात तालमीत पैलवान रगडायचो,
आता ह्या फुटबॉलवाल्यांच्या पोटऱ्या.

याकुबा झोंगो टेबलावर पालथा पडला
की मला त्याच्या पासपोर्टाची गरज लागत नाही.
घोट्यातली गाठ वागाडुगूच्या लाल मातीची, अनवाणी दिवसांतली.
मांडीमागचा आखडलेला दोर स्फॅक्सचा, दोन हंगाम.
गुडघ्यावरची शिवण मोल्दोवाची;
त्या क्लबानं चार महिन्यांचा पगार बुडवला
आणि टाकेही घाईतच घातले.
बरगडीखाली कुवेतच्या कुणाचा तरी कोपर आहे.
तो सांगत नाही.
मी अंगठा ठेवला की त्याचा श्वास सांगतो.

तो मधला.
गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतात,
गोल अडवणाऱ्याला निदान हातमोजे असतात.
हा म्हणजे एसटी स्टँडावरचा कंट्रोलर,
सगळ्या गाड्या ह्याला विचारून सुटतात,
हा खिडकीतच.

रात्री घरून फोन येतो. पोरगं काहीतरी मोजून विचारतं.
भाषा मला येत नाही, पण प्रश्न येतो.
"झेरो," याकुबा म्हणतो,
आणि पलीकडं बराच वेळ कुणी बोलत नाही.
आता सात वर्षांच्या पोराला कसं समजावणार,
की गोलाच्या आधी जो पास असतो
त्याच्याही आधीचा पास बापाचा होता?

पहिल्या हंगामातली गोष्ट.
गॅलरीत शंभरेक माणसं, त्यात निम्मे गलबतवाले सुतार,
हवा अशी दमट की शिट्टीसुद्धा ओली वाजावी.
चेंडू ह्याच्या पायात, पाठीमागून एक आडदांड धावत आला,
आणि माझ्या तोंडून शाहू स्टेडियमचीच आरोळी सुटली :
"मागं हाय रं!"
बाकावरचे सगळे माझ्याकडं बघायला लागले.
याकुबा मात्र वळला. कसा कुणास ठाऊक,
चेंडू तळव्याखाली ओढून असा वळला
की आडदांड थेट पाण्याच्या क्रेटांत.

सामन्यानंतर टेबलावर पडल्या पडल्या म्हणाला,
"मागाय. मागाय काय?"
मी हातवारे करून सांगितलं. तो हसला,
म्हणाला, सहा देशांत खेळलो,
पाठीमागचं कुणी असं फुकट सांगितलं नाही.

ह्या मे महिन्यात त्याला चौतिसावं लागलं.
करार वाढवणार नाहीत, हे मला त्याच्याआधी कळलं,
कारण मॅनेजर म्हणाला, "त्याच्यावर आता तेल जास्त खर्चू नको."
मी त्या दिवशी अख्खी बाटली ओतली.
शेवटच्या सामन्यात एकाहत्तराव्या मिनिटाला
लाल आकड्यात आठ नंबर पेटला.
तो चालतच बाहेर आला, मोजे खाली सरकलेले,
जाता जाता माझ्या डोक्यावर एक टपली.
सुतारांपैकी एक म्हातारा तेवढा उभा राहिला.
त्याला बहुतेक नमाजाला जायचं होतं.

जर्सीवरचं नाव धोब्यानं इस्त्रीनं सोडवलं.
आता आठ नंबर एकोणीस वर्षांच्या पोराकडं आहे;
त्याला घाम आला की पाठीवर जुनी अक्षरं फिकट उमटतात,
मी त्याला सांगितलेलं नाही.

काल रात्री वागाडुगूहून एक व्हॉइस मेसेज आला.
आधी नुसता वारा. मग शिट्टी. मग धूळ
(धूळ ऐकू येते, मैदानात वाढलेल्याला येते).
मग वीस-पंचवीस पोरं एकदम ओरडली :
"मागाय! मागाय!"

मी तीनदा ऐकला.
शब्द कुठला, गाव कुठलं, त्यांना काय करायचंय?
वेळेवर मान वळली म्हणजे झालं.